छोटू आणि लांबचे पाहुणे

माझा धाकटा भाऊ जन्मला तो मत्सर घेऊनच. बाकीची मुलं जन्मल्यावर रडतात, हा म्हणे आधी आजूबाजूला बघत होता, आपल्याआधी कुणाला पाजलं की काय म्हणून. शेजारणीचं बाळ आईनं जरा मांडीवर घेतलं की हा रडून रडून निळा व्हायचा. आई माझी वेणी घालायला बसली की हा मधे डोकं घुसवणार. डोक्यावर केस होते चार, पण वेणी हवी! छोटू नाव पडलं ते तसंच चिकटलं. आता दारातून आत येताना डोकं वाकवावं लागतं आणि पोट आधी येतं, छोटू मागून येतो, तरी छोटूच. गल्लीला मात्र तो मिस्त्री. रेडिओ दुरुस्त करतो.

घराची पुढची खोली म्हणजे त्याचं दुकान. माझं बटणं-दोऱ्याचं दुकान बरोबर समोर. मधे गल्ली, तीही एवढीशी, की मी इकडून सुई पुढे केली तर त्यानं तिकडून ओवून द्यावी. त्यामुळे त्याच्या घरातलं सगळं मला दिसतं, आणि जे दिसत नाही ते मी विचारते. मला काय, लाज थोडीच आहे.

त्याच्या टेबलावर पोटं फाडलेले रेडिओ पालथे पडलेले असायचे. तारा, कॉइली, नळकांड्या, आणि सगळ्यावर सोल्डर करताना जळणाऱ्या राळेचा धुरकट वास. दोन्ही हात कामात, म्हणून सोल्डरची तार हा दातात धरायचा. त्यामुळे त्याचं सगळं बोलणं दोन शब्दांत, 'हं' आणि 'उं'. 'हं' म्हणजे होईल, 'उं' म्हणजे होणार नाही. गिऱ्हाइकांना सवय झाली होती. बायकोला झाली नव्हती.

बायको म्हणजे माझी भावजय. टेलिफोन ऑफिसात कामाला. कानाला यंत्र लावून, समोरच्या फळीवर दोऱ्या खुपसून अख्ख्या शहराची बोलणी जोडून द्यायची. लग्नही त्यातूनच जमलं. छोटूनं एकदा सुटे भाग मागवायला पोस्टातून बंदरावरच्या व्यापाऱ्याला फोन लावला. पलीकडून ही म्हणाली, "थांबा हं, जोडून देते." झालं! हा म्हणतो कसा, "जोडू नका. तुम्हीच बोला." त्यानंतर त्या व्यापाऱ्याकडून त्यानं इतके सुटे भाग मागवले, इतके मागवले, की तेवढे रेडिओ आमच्या शहरात नव्हते. शेवटी हिनंच विचारलं, "तुमचं खरं काम काय आहे?"

लग्न झालं आणि मत्सराला नवा धंदा मिळाला. हिच्या आवाजावर भाळला तो, पण तो आवाज दिवसभर शहरातल्या सगळ्या पुरुषांच्या कानात! दारात ताटकळत बसायचा आणि ती आली की तपास. "आज कोण कोण बोललं?"

"सगळे बोलले."

"काय बोलले?"

"नंबर बोलले. दुसरं काय बोलणार?"

मी समोरून हसायची. मग ती माझ्याकडे येऊन पायरीवर बसायची. "ताई, दिवसभर मी लोकांना लोकांशी जोडते. माझ्याशी कुणी बोलत नाही. घरी यावं तर हे दातात तार धरून बसलेले."

"अगं, तार काढून घे."

"काढली. मग पेचकस धरला."

आता रेडिओवरच्या त्या आवाजाचं.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला परदेशातून आमच्या भाषेत बातम्या लागायच्या. कुठल्या देशातून? ज्यांनी आमच्यावर राज्य केलं, त्यांच्याच. आम्ही त्यांना जुने धनी म्हणायचो. झेंडा उतरवून, बँड वाजवून, डोळे पुसत गेले होते. पण कसे गेले? लेक सासरी जाते आणि तिजोरीची किल्ली कमरेला खोचून नेते, तसे. तांब्याची खाण त्यांच्या कंपनीकडेच राहिली, बंदरातली गोदामं त्यांचीच राहिली. आमच्या डोंगरातलं तांबं बोटीनं जायचं आणि तार होऊन परत यायचं, तीच तार माझा भाऊ कॉइलीला गुंडाळायचा.

पहिला पुढारी आम्ही निवडून दिला. तो म्हणाला, किल्ली परत द्या. एवढंच म्हणाला हो. तर एका सकाळी पुढारी तुरुंगात आणि राजवाड्यात जाडा जनरल. जुन्या धन्यांच्या शाळेत शिकलेला, त्यांच्यासारखा चहा पिणारा. ते बघून दुसऱ्या एका बड्या देशाच्या पोटात दुखायला लागलं. यांना आम्ही नवे दोस्त म्हणायचो, कारण त्यांच्या प्रत्येक पेटीवर 'दोस्तीची भेट' असं छापलेलं असायचं. पेट्यांत दूधभुकटी असेल असं आम्हाला वाटलं होतं. निघाल्या बंदुका. त्यांनी हाताशी धरला काटकुळ्या कर्नलला. मग जाडा गेला, काटकुळा आला. पुन्हा जाडा, पुन्हा काटकुळा. पोरं शाळेत जायची तेव्हा भिंतीवर एकाचा फोटो आणि घरी यायची तेव्हा दुसऱ्याचा.

आता मी काही आमचे दोघे साधू होते असं म्हणत नाही. दोघे एकाच गावचे, एकमेकांच्या बांधावरून भांडत मोठे झालेले. घर म्हटलं की भांडण आलंच. पण घरात जावा भांडल्या तर फार तर भांडं आपटतं. तिथे शेजाऱ्यानं एकीच्या हातात कोयता द्यायचा, ते पाहून दुसऱ्या शेजाऱ्यानं दुसरीच्या हातात कुऱ्हाड द्यायची, आणि दोघांनी कुंपणावर टेकून म्हणायचं, "बाई बाई, काय भांडकुदळ घर आहे!" याला काय म्हणावं? सवतीमत्सर म्हणतात तो हाच. सवती दोन, त्यांना एकमेकींचा जाच, आणि डोकी फुटली आमची.

त्या वर्षी काटकुळा गादीवर होता. सरकारी रेडिओवर सकाळ-संध्याकाळ त्याचीच आरती. खरी बातमी हवी तर जुन्या धन्यांचं स्टेशन. आणि तिथला तो निवेदक! काय सांगू तुम्हाला, आवाज कसला, गार पाण्याचा माठ! हळू बोलायचा, घाई नाही. मधे थांबायचा, जणू तुमचं हो येईपर्यंत थांबलाय. आमची भाषा आमच्याहून चोख. सुरुवातीला म्हणायचा, "नमस्कार. कसे आहात?" आणि माझी भावजय उत्तर द्यायची, "बरे आहोत."

छोटूनं पेचकस खाली ठेवला. "कुणाला सांगतेयस?"

"श्श!" ती म्हणाली.

नवऱ्याला श्श! माझ्या भावाच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट शब्द तो. मी नेमकी दुकान बंद करून त्यांच्याकडे ऐकायला आले होते. माझ्या जिभेला कुठलं हाड. म्हटलं, "छोटू, चहा टाक रे. लांबचे पाहुणे आलेत." झालं, तेव्हापासून त्या निवेदकाचं नाव गल्लीत लांबचे पाहुणे पडलं.

मी गंमत केली, पण छोटूला ते लागलं. त्यानं बघायला सुरुवात केली, आणि मत्सरी माणसाला बघायचं म्हटलं की काय काय दिसतं! ती बातम्यांच्या आधी तोंड धुते. केस नीट करते. खुर्ची रेडिओकडे वळवते.

"माझ्याकडे पाठ होते तिची," माझ्या दुकानात येऊन सांगायला लागला. तार दातात नव्हती, म्हणजे प्रकरण गंभीर.

"अरे, रेडिओ आहे तो. रेडिओला बघून कुणी केस विंचरतं का?"

"तेच तर! कुणासाठी विंचरते?"

"ऑफिसातून येते, घामेजलेली असते. माणूस हातपाय धुतं."

"आणि हसते ती. तो बोलताना हसते."

"तू बोल, तुझ्याशीही हसेल."

हा सल्ला द्यायला नको होता. दुसऱ्या दिवशी ती घरी आली, तर हा टेबलामागे ताठ बसलेला, हात मांडीवर, भांग पाडलेला. म्हणाला, "नमस्कार." थांबला. "आता... आपण... चहा घेऊ या."

ती घाबरली. कपाळाला हात लावून बघितला. "ताई, जरा या हो. यांना काहीतरी होतंय."

मी पायरीवर बसून हसले, पोट धरून हसले. त्याचा चेहरा बघितला तेव्हा थांबले. खरंच दुखलं होतं त्याला. या माणसाचं सगळं जग म्हणजे ती एक बाई, आणि ती रोज संध्याकाळी त्याच्याच खोलीत, त्यानंच दुरुस्त केलेल्या डब्यातून, दुसऱ्याची होऊन ऐकायची. चोर घरातला असता तर त्यानं गळा धरला असता. समुद्रापलीकडच्याला कुठे धरणार?

पण धरला बरं का.

रेडिओच्या पोटात एक बारीकसा स्क्रू असतो. तो जरासा फिरवला की पट्टीवरची सगळी स्टेशनं थोडी थोडी सरकतात. लांबच्या पाहुण्यांचं स्टेशन पट्टीच्या अगदी टोकाला. छोटूनं स्क्रू फिरवला, पाहुणे टोकावरून खाली पडले. वर मेणाचा थेंब सोडला, कुणी परत फिरवू नये म्हणून. संध्याकाळी भावजयीनं काटा सरकवला तर नुसती शीळ आणि घरघर.

"अहो, बघा ना काय झालंय."

"हवामान," छोटू म्हणाला. पुरा शब्द, स्वच्छ उच्चारात.

ती उठली आणि न्हाव्याच्या दुकानात जाऊन ऐकून आली.

दुसऱ्या दिवशी माझा भाऊ न्हाव्याकडे हजर. "रेडिओ उघडून साफ करून देतो. आत धूळ झालीय."

न्हावी हातातला वस्तरा तसाच धरून उभा राहिला. या मिस्त्रीनं आजवर कुणाच्या रेडिओला फुकट फुंकरसुद्धा मारली नव्हती. "तब्येत बरी आहे ना?" त्यालाही तीच शंका.

मग ती मास्तरांच्या ओट्यावर जाऊन ऐकायला लागली. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, पण गल्लीला अजून निवृत्त होऊ न देणारे. छोटूनं मास्तरांचाही साफ केला. तिथून शिंपिणीचा, तिथून दूधवाल्याचा. ती जिथे जिथे ऐकायला बसेल असं वाटलं, तिथे तिथे हा आधी पोचलेला. असं करत सगळी गल्ली झाली. शेजारच्या गल्लीतला बाइंडर, शाळेची पुस्तकं बांधून देणारा, तोही आला. "मिस्त्री, सगळ्यांचे फुकट बघताय, माझाही बघा की."

"तुमचा चांगला वाजतो," छोटू म्हणाला आणि त्याला परत पाठवला. खरंच होतं ते. भावजय त्या गल्लीत कधी जात नसे.

आणि आमच्या गल्लीचं डोकं काय चाललं, ते ऐका. कुणाच्या मनातही मिस्त्री आला नाही. मास्तरांनी ओट्यावर निकाल दिला, "हे नव्या दोस्तांचं काम. त्यांनी टेकडीवर टॉवर उभा केला आहे. आपल्या कानांवर पहारा बसवलाय!"

"टॉवर मी बघितला," दूधवाला म्हणाला. बघितला म्हणे! ती पाण्याची टाकी होती.

"सगळं परदेशी कारस्थान," न्हावी म्हणाला.

आमच्यावर परदेश्यांनी केलेल्या गोष्टी कमी नाहीत. रात्र सरेल, यादी सरायची नाही. पण हे एक, एवढं एकच, त्यांनी केलेलं नव्हतं, आणि त्याचीच सगळ्यांना पक्की खात्री होती. छोटू समोर बसून गप्प ऐकत होता. दातात तार होती, हं नाही की उं नाही.

इकडे शहर तापत चाललं होतं. दाणापाणी महाग, रोज कुणीतरी पकडलं जाई. आमच्या गल्लीत पाहुणे बंद, बाकीच्या शहरात चालू. आम्हाला नंतर कळलं ते काय सांगत होते. त्याच हळू, गार आवाजात: "हीच वेळ आहे. चौकात या. जग तुमच्याकडे पाहत आहे. तुम्ही एकटे नाही." जाडा जनरल छावणीतून आपले शिपाई घेऊन लोकांच्या बाजूनं येणार, असं सगळ्या शहराला माहीत होतं. आम्हाला माहीत नव्हतं; पकडापकडीच्या भीतीनं गल्लीबाहेर कुणी कुणाशी उघड बोलत नव्हतं. आम्ही त्या सकाळी नेहमीसारख्या फळ्या काढल्या. मी बटणांची डबी लावत होते. भावजय कामावर गेली होती.

आधी माणसांचा आवाज आला, लांबून, गोड वाटावा असा. जत्रा असावी तसा. मग फटाफट, फटाफट. मास्तर म्हणाले, "लग्न असेल." आणि त्यांचाच त्यांच्यावर विश्वास बसला नाही.

छोटू उठला. टेबल उलटलं, रेडिओ खाली पडला, त्यानं वळून बघितलं नाही. टेलिफोन ऑफिस चौकाला लागून. तो धावत सुटला. त्याला धावताना मी लहानपणानंतर तेव्हाच पाहिला. गल्लीच्या तोंडाशी शिपायांनी बंदुकीच्या दस्त्यानं ढकलून परत पिटाळला. मग संचारबंदी. तो दाराच्या आत, मी माझ्या दाराच्या आत, मधे ती एवढीशी गल्ली, आणि ओलांडायची सोय नाही. पलीकडून म्हणाला, "ताई, तिच्याकडे फोन असतो. आपल्याकडे नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला ऑफिसच्या गाडीनं सोडलं. चालत आत आली. पाणी मागितलं. छोटू तिच्यासमोर उकिडवा बसला, तिच्या पायाला हात लावून बघत होता, खरी आहे का म्हणून.

"सगळ्या लाइनींचे दिवे पेटले होते," ती म्हणाली. "एकेक आई म्हणतेय, इस्पितळ जोडा, पोलीस जोडा, माझं पोर चौकात गेलंय. इस्पितळ उचलेना. आणि मधे जुन्या धन्यांच्या वकिलातीचा फोन. त्यांची लाइन आधी जोडायचा हुकूम असतो. मी जोडली. लागली का बघायला क्षणभर ऐकावं लागतं." तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. "साहेब नव्या दोस्तांच्या वकिलातीशी बोलत होता. म्हणाला, बंदराचा रस्ता मोकळा आहे ना? खाणीच्या गाड्या उद्या सुटतील ना? पलीकडचा म्हणाला, सुटतील, आमचं बोलणं झालंय. दोघे हसले. ताई, घाई नाही हो. त्याच्यासारखंच. अगदी तसाच आवाज."

"निवेदकच होता का तो?" मी मूर्खासारखं विचारलं.

"नाही. पण एकाच घरचा."

जाडा जनरल आलाच नाही. त्याला विमानात बसवून बाहेरगावी धाडलं होतं, बायकोमुलांसकट, सामानासकट. दोन्ही सवतींनी आपसात मिटवलं होतं. फक्त चौकात जमलेल्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आणि रेडिओवर, ज्यांच्याकडे तो लागत होता ते म्हणाले, त्या संध्याकाळी बातम्यांच्या जागी संगीत लावलं होतं.

आमच्या गल्लीतलं कुणी गेलं नव्हतं. एकही. आजूबाजूच्या गल्ल्यांत दारादारांत माणसं बसलेली, आणि आमच्याकडे सगळी डोकी शाबूत. पुढे संचारबंदी उठली तेव्हा न्हाव्याच्या दुकानात सगळे जमले. मी होते, मास्तर होते, छोटू होता, भावजय दारात उभी. खुर्चीवर बाइंडर बसला होता. त्याची मुलगी, कॉलेजात शिकणारी, गेली होती चौकात, परत आली नव्हती. दाढी वाढलेली, तो स्वतःहून आला नव्हता, न्हाव्यानंच हाताला धरून आणून बसवला होता.

न्हावी साबण फेसत म्हणाला, "एक मात्र म्हणायला हवं. त्या टॉवरनं आपल्याला वाचवलं. आवाज आला असता तर मीच पहिला गेलो असतो."

"नियतीचा खेळ बघा," मास्तर म्हणाले. "नव्या दोस्तांनी आपले कान बंद केले आणि त्यामुळेच प्राण वाचले. आभारच मानायला हवेत त्या टॉवरचे."

दूधवाला म्हणाला, "टॉवर म्हणजे देवच."

मी छोटूकडे बघत होते. त्याचे कान लाल झाले. मी ओळखते ते कान. आईनं शेजारणीच्या पोराला शाबासकी दिली की असेच व्हायचे. मनात म्हटलं, गप्प बस रे बाबा, गप्प बस. पण नाही! पाण्याच्या टाकीला शाबासकी मिळतेय हे त्याला सहन होईना.

"टॉवर कसला!" तो ओरडला. "मी केलं! मी स्क्रू फिरवले! सगळ्यांचे!"

साबणाचा ब्रश वाटीत पडला.

"का?" मास्तर म्हणाले.

छोटूनं बायकोकडे बघितलं आणि मान खाली घातली. तेवढ्यानं सगळ्यांना कळलं. दुसऱ्या वेळी गल्ली वर्षभर हसली असती. मास्तर उठून उभे राहिले. "म्हणजे मी काय ऐकायचं ते तुम्ही ठरवलंत? मग त्यांच्यात आणि तुमच्यात फरक काय?"

"मास्तर, जिवंत आहात म्हणून भांडताय," न्हावी म्हणाला.

तेव्हा खुर्चीतून बाइंडर बोलला. एका गालावर साबण, डोळे आरशात. रागानं नाही बोलला. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं.

"मिस्त्री, मी आलो होतो तुमच्याकडे. माझा का नाही बिघडवलात?"

बायको जिथवर ऐकायला जाईल तिथवरच छोटूचा मत्सर पोचला होता. एक गल्ली पुढे गेला असता तर ती पोर आज घरी असती. नाही गेला. मुलीला चौकात त्यानं बोलावलं नव्हतं, गोळीही त्यानं घातली नव्हती. ज्यांनी बोलावलं ते संगीत ऐकवत होते, ज्यांनी बंदुका दिल्या ते गाड्या मोजत होते. त्यांना कुणी न्हाव्याच्या खुर्चीतून विचारू शकत नव्हतं. समोर होता तो छोटू.

भावजय दारातून निघून गेली.

त्यानंतर ती त्याच्याशी बोलेना. चहा देई, जेवण वाढी, बोलणं नाही. ज्याला तिचा आवाज एकट्याला हवा होता, त्याला तोच मिळेना. छोटू माझ्याकडे यायचा आणि बटणं उगाच रंगांप्रमाणे लावत बसायचा, निळ्यात हिरवी मिसळायचा. मी ओरडले नाही. चिडवायलाही जीभ वळेना, आता बघा! सकाळी उठून बाइंडरकडे जायला लागला. त्याच्या शेजारी बसून कागदांच्या घड्या घाली. बाइंडर त्याला जा म्हणाला नाही. ये असंही म्हणाला नाही.

"ती मला सोडून जाईल का, ताई?" एकदा विचारलं त्यानं.

मी म्हटलं, "बटणं नीट लाव."

मग एका संध्याकाळी ती कामावरून आली आणि त्याच्या टेबलासमोर उभी राहिली. "सगळ्यांचे रेडिओ परत होते तसे करायचे. आजपासून."

तिचा आवाज ऐकून हा इतका सुखावला की काय म्हणतेय ते कळायलाच वेळ लागला. "पण... तो परत येईल."

"येऊ दे."

"परत गोड बोलेल. परत लोकांना..."

"बोलू दे. खोटं बोलतोय का खरं, ते मला ऐकून ठरवू दे. तुम्ही माझे कान नाही. तेही नाहीत, आणि तुम्हीही नाही." मग म्हणाली, "आणि एवढंच वाटत होतं तर मला म्हणायचं होतं. ऐकू नकोस म्हणून."

"म्हटलं असतं तर थांबली असतीस?"

"नाही," ती म्हणाली. "पण भांडले तरी असते."

दोघं मिळून घरोघर गेले. तो मेण खरवडायचा, ती शेजारून पेचकस द्यायची आणि तो स्क्रू फिरवायचा. मास्तरांनी दार उघडलं, पण पाठ करून बसले. न्हाव्यानं दोघांना चहा दिला.

पाहुणे परत आले. मीही गेले ऐकायला, मला राहवतंय थोडंच. नमस्कार, कसे आहात. भावजय गप्प. खुर्ची तीच, पण आता हातांची घडी आणि कपाळाला आठी. तो बोलायला लागला, तसाच, माठातल्या पाण्यासारखा. "त्या दुर्दैवी देशातल्या जुन्या वैरांमुळे घडलेल्या दुःखद घटनांबद्दल..."

"कसलं जुनं वैर?" भावजय उभी राहिली. "बंदुका काय आमच्या आजोबांनी पुरून ठेवल्या होत्या?"

"...दोन्ही बाजूंनी संयम पाळावा असं आवाहन..."

"कुठल्या दोन बाजू? चौकात या कोण म्हणालं? मी कान लावून ऐकलंय तुम्हाला, खाणीच्या गाड्या विचारत होतात! मुलीचं नाव घ्या ना. माहीत तरी आहे का?"

टेलिफोन ऑफिसात आयुष्यभर 'थांबा हं, जोडून देते' म्हणत आलेली बाई, तिच्या पोटात एवढं सगळं होतं हे मला तेव्हा कळलं. रोज भांडायला लागली. एकेक वाक्य धरून भांडायची, तो श्वासाला थांबला की ही दोन वाक्यं घालायची. गल्लीतले लोक बातम्यांपेक्षा तिला ऐकायला यायचे. मास्तर आधी खिडकीबाहेर उभे राहायचे, मग आत येऊन बसायला लागले. बाइंडरही एकदा आला. भिंतीला टेकून ऐकलं आणि तिनं मुलीचं नाव घेतलं तेव्हा नुसती मान हलवली.

आणि माझा भाऊ? मला वाटलं, आता तरी याचा जीव थंड झाला असेल. एकदा बातम्या संपल्या, ती लाल होऊन, घाम पुसत खुर्चीत बसली, तर हा कोपऱ्यात तोंड पाडून.

"आता काय झालं?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"अहो, बोला."

"माझ्याशी लग्न होऊन इतकी वर्षं झाली," छोटू म्हणाला, आणि त्याचे कान पुन्हा लाल, "इतकी जीव तोडून तू माझ्याशी कधी भांडली नाहीस."

मी तोंडात पदर कोंबला.

तिनं खुर्ची उचलली, वळवली, रेडिओकडे पाठ करून त्याच्यासमोर ठेवली आणि बसली.

"घ्या," ती म्हणाली. "तुमच्याशीही बरंच भांडायचंय. बाइंडरांच्या रेडिओपासून सुरू करू या."

मी उठले आणि दुकानाची फळी लावायला गेले. अर्धीच लावली. ऐकू यायला हवं ना.